डिस्क घ्यायला एमजी रोडला निघण्याआधी

नाशिकच्या एमजी रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात "एक टीबीचं काहीतरी दाखवा" म्हणून बघा. काउंटरवर पोर्टेबल हार्ड डिस्क येईल, लॅपटॉपात बसणारी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) येईल, केबलने बाहेरून जोडायची एसएसडीही येईल. ऑनलाइन शोधलंत तर पाचशे रुपयांत एक टीबीचा पेन ड्राइव्हसुद्धा दिसेल. आकडा एकच, वस्तू चार आणि चारही वेगळ्या कामाच्या. दुकानदार फसवतोच असं नाही. तुम्ही काम न सांगता माप सांगितलंत, म्हणून तोही मापच काढून देतो.

तेव्हा आधी काम ठरवा. रोज हाताळायचा डेटा आणि जपून ठेवायचा डेटा हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्याला वेग लागतो, दुसऱ्याला दोन-तीन प्रती लागतात. एकाच डिस्ककडून दोन्ही करून घ्यायला गेलं की पैसेही जातात आणि फोटोही.

१. घरून निघताना कागदावर काय लिहून न्यायचं

- सध्या डेटा किती आहे आणि वर्षाला साधारण किती वाढतो.
- लॅपटॉपचा किंवा मदरबोर्डचा पूर्ण मॉडेल नंबर. तो लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. नुसतं "डेलचा आहे" म्हणून भागत नाही.
- यूएसबी पोर्ट कोणते आहेत. आतली जीभ निळी असेल तर बहुधा यूएसबी ३, काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा २. पोर्टाशेजारी 'एसएस' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील तर रंग कुठलाही असो, ते ३च.
- सीसीटीव्हीसाठी घ्यायची असेल तर डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या खोक्याचा) मॉडेल नंबर, कॅमेऱ्यांची संख्या आणि किती दिवसांचं रेकॉर्डिंग हवं ते.

मापाबद्दल एक खुलासा, कारण या प्रश्नावरून दुकानात हमखास वाद होतो. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत. जागा कुठे चोरीला गेलेली नसते.

२. हार्ड डिस्क की एसएसडी

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, तरंगतं. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय हेड सरकायला वेळ लागतो तो वेगळा. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचनं होतात. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो लहान फाइली वाचतं. लॅपटॉप उघडून चहा करून आलं तरी गोल फिरतोय, याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, प्रोसेसरमध्ये नाही.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधी सॅटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी वापरणारी) एसएसडीसुद्धा असली हजारो वाचनं सेकंदात उरकते. पाचशे जीबी कॉपी करायला यूएसबी ३ वरच्या हार्ड डिस्कला सेकंदाला १२० एमबीच्या हिशेबाने ७० मिनिटं लागतात. सॅटा एसएसडीला ४५० एमबीने १८-२० मिनिटं. तीच हार्ड डिस्क यूएसबी २च्या पोर्टात खुपसली तर चार तास. हा फरक डिस्कचा नाही, पोर्टाचा आहे. बऱ्याच जणांच्या "डिस्क स्लो आहे" या तक्रारीवरचा इलाज शेजारच्या पोर्टात मिळतो.

मग हार्ड डिस्क घ्यायचीच कशाला? दोन कारणं आहेत. जीबीमागे ती स्वस्त पडते, आणि कपाटात ठेवून द्यायला ती बरी. एसएसडीत डेटा म्हणजे कोंडलेला विद्युतभार असतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची साध्या एसएसडीकडून अपेक्षा एवढीच, की लिहिण्याचं आयुष्य संपत आल्यावर, ३० अंश तापमानात, विजेविना तिने एक वर्ष डेटा धरावा. नवी एसएसडी याहून बराच काळ धरते. तरी नाशिकच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत लग्नाचे फोटो एसएसडीवर टाकून विसरून जाणं शहाणपणाचं नाही.

हार्ड डिस्क घेताना 'एसएमआर' हा शब्द विचारा. अशा डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर अर्ध्या चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं इथे लिहिताना होतं. सलग भरून ठेवायला ठीक, पण सारखं खोडून लिहायला लागलं की वेग कोसळतो. एक-दोन टीबीच्या पोर्टेबल डिस्क बहुतेक याच जातीच्या असतात. बॅकअपला चालतील. त्यांच्यावरूनच व्हिडिओ एडिट करू नका.

३. कोणती एसएसडी बसेल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अडीच इंची सॅटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते. जाडी ७ मिलिमीटर, वेग सेकंदाला ५५० एमबीपर्यंत. एम.२ मात्र नुसता आकार आहे: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्या आकाराच्या पट्टीत सॅटाही असू शकते आणि एनव्हीएमई ही जास्त वेगवान जोडणीही. कडेचे सोनेरी दात नीट बघा. एकच खाच असेल तर ती साधारणपणे एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा सॅटा. काही लॅपटॉपांचा स्लॉट फक्त सॅटा ओळखतो, काहींचा फक्त एनव्हीएमई. दोन खाचांची पट्टी दोन्हीकडे व्यवस्थित आत जाते, स्क्रूही लागतो, पण स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखणारा असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) काहीच दिसत नाही. मॉडेल नंबर घालून कंपनीचं मॅन्युअल उघडा आणि स्लॉटचा प्रकार वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

वेगाच्या आकड्यांना फार भुलू नका. जेन-३ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची, एनव्हीएमई सेकंदाला साडेतीन हजार एमबी वाचते, जेन-४ची सात हजारांपर्यंत. टॅली, ब्राउझर आणि वर्ड चालवताना हा फरक कळतही नाही. हार्ड डिस्कवरून सॅटा एसएसडीवर आलात की उडी जाणवते, त्यापुढची पायरी व्हिडिओवाल्यांसाठी. जेन-३च्या स्लॉटात जेन-४ची पट्टी चालते, पण जेन-३च्याच वेगाने.

त्यापेक्षा टीएलसी की क्यूएलसी हे विचारा. टीएलसीत एका पेशीत ३ बिट, क्यूएलसीत ४. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी कॉपी करताना तिची वेगवान राखीव जागा भरली की काही मॉडेल हार्ड डिस्कइतकी मंद होतात. दुसरा आकडा टीबीडब्ल्यूचा, म्हणजे वॉरंटीच्या हिशेबात किती टेराबाइट लिहून घेईल. ५०० जीबीच्या एसएसडीला तो ३०० असेल आणि तुम्ही रोज ३० जीबी लिहीत असाल, तर तिथे पोचायला १० हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षं लागतील. "एसएसडी लवकर झिजते" ही भीती घरगुती वापरात काढून टाका. एसएसडी दगावते ती अनेकदा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) गेल्यामुळे, तेही कसलीच सूचना न देता.

४. पेन ड्राइव्ह आणि कार्ड

पेन ड्राइव्ह ही पिशवी समजा. इथून तिथे न्यायचं आणि रिकामी करायची. एकमेव प्रत त्यावर कधीही ठेवू नका. एफएटी३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीहून मोठी एकही फाइल त्यावर जात नाही, जागा कितीही शिल्लक असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलात की अडचण संपते.

मेमरी कार्डावरची अक्षरं फोटोग्राफरांनी तरी वाचायला शिकावं. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिणार, याची हमी. कॅमेरा फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटने लिहीत असेल तर ते सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. व्ही३० पुरून उरतं. कॅमेरा ४०० मेगाबिटवर लावलात तर सेकंदाला ५० एमबी होतात, मग व्ही६० लागतं. सिंहस्थाचं चित्रीकरण करायचं ठरवलं असेल तर रामकुंडावरच्या गर्दीत २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ची चार कार्डं बरी. एक बिघडलं किंवा पाण्यात पडलं तर दिवसाचा चौथा हिस्साच जाईल. मोबाइलमध्ये ॲप चालवायला कार्ड हवं असेल तर ए१ किंवा ए२ हे चिन्ह बघा, ते लहान फाइलींच्या वेगाचं आहे.

५. सीसीटीव्हीचं गणित

एच.२६५वर (व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीवर) चालणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो असं धरा. भागिले ८, म्हणजे पाव एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याचे रोज २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी झाले आणि एक टीबी साडेअकरा दिवसांत भरलं. दोन टीबीत २३ दिवस मिळतात. डीव्हीआर जुना, आधीच्या एच.२६४ पद्धतीचा असेल आणि कॅमेरा ४ मेगाबिटवर असेल तर हे दिवस निम्मे होतात.

इथे सर्व्हेलन्सची डिस्क घ्या: डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. ती चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेली असते. सीगेटच्या साध्या बाराकुडाला वर्षाकाठी ५५ टीबीचं काम धरलेलं आहे, स्कायहॉकला १८० टीबीचं. आठ कॅमेरे वर्षाला ६३ टीबी लिहितात, म्हणजे साधी डिस्क पहिल्याच वर्षी मर्यादेबाहेर. निफाड-दिंडोरीकडे शेडवर किंवा गोदामात डीव्हीआर लावत असाल आणि वीज ये-जा करत असेल तर डीव्हीआरला लहान यूपीएस द्या. वीज अचानक गेली की फिरत्या डिस्कचं हेड दर वेळी घाईने बाजूला पळतं, आणि हे रोज चार वेळा झालं की डिस्कचं आयुष्य घटतं. डीव्हीआर जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क घेतो, तेही आधी बघा.

६. काउंटरवर

ही कागदपत्रं आणि खुणा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका:

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर डिस्कचा सिरियल नंबर लिहिलेला. "भाऊ, बिलावर सिरियल नंबर टाका," एवढं म्हणायला लाजू नका. वॉरंटीच्या दिवशी हाच नंबर कामाला येतो.
- खोक्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष छापलेलं लेबल. ते नसेल तर माल बाहेरून आलेला असू शकतो आणि भारतात त्याची वॉरंटी चालेलच असं नाही.
- खोक्यावरचा आणि डिस्कवरचा सिरियल नंबर एकच आहे ना. तिथेच मोबाइलवर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी किती शिल्लक आहे ते बघा.

"ओईएम माल आहे, तोच, पण स्वस्त" असं ऐकलंत तर सावध व्हा. संगणक कंपन्यांना घाऊक दिलेल्या डिस्कची वॉरंटी डिस्क बनवणारी कंपनी थेट ग्राहकाला देत नाही. वॉरंटी दुकानदाराची असेल तर तसं बिलावर लिहून घ्या.

७. पहिल्या संध्याकाळी तपासणी

डिस्क जोडा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा. 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कवर ते शून्याच्या जवळ हवेत. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे ४०,००० दिसले तर ती साडेचार वर्षं कुठल्यातरी डीव्हीआरमध्ये किंवा सर्व्हरमध्ये राबलेली आहे. हे आकडे पुसून शून्य करणारेही आहेत, म्हणून स्क्रूवरचे ओरखडे आणि कनेक्टरवरच्या घासल्याच्या रेघाही बघा.

हार्ड डिस्कसाठी चार ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे बदलण्याच्या रांगेतले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. नव्या डिस्कवर यांपैकी एकही शून्याहून जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी परत करा. सी७ मात्र बहुतेकदा केबलचा दोष सांगतं. केबल बदला आणि आकडा वाढायचा थांबतो का ते पाहा.

पेन ड्राइव्ह आणि कार्डांची परीक्षा वेगळी. खोट्या मालाचा कंट्रोलर "मी एक टीबीचा" असं खुशाल सांगतो, आत असतात ३२ जीबी. त्यापुढचा डेटा जातोय असं दिसतं आणि उघडायला गेलं की फाइल मोडलेली निघते. एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम सगळी जागा भरून परत वाचून बघतो. ६४ जीबीच्या ड्राइव्हला सेकंदाला २० एमबीने नुसतं लिहायलाच पाऊण तासाहून जास्त लागतो. लागू द्या. परत करायची मुदत संपण्याआधी ही तपासणी उरका.

८. जुन्या लॅपटॉपात एसएसडी बसवणं

साहित्य: पीएच० आणि पीएच१ मापाचे फुलीचे स्क्रूड्रायव्हर, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तशी प्लास्टिकची पट्टी, यूएसबी-सॅटा केबल, चिकटपट्टी आणि कोरा कागद. एम.२ बसवायची असेल तर एम२ मापाचा बारीक स्क्रूही लागेल. तो लॅपटॉपमध्ये असेलच असं नाही आणि एसएसडीच्या खोक्यातही बहुतेक वेळा नसतो.

क) आधी महत्त्वाचा डेटा तिसऱ्या ठिकाणी कॉपी करा. क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवणं, हा बॅकअप नव्हे. मूळ आणि नवी डिस्क निवडताना उलटसुलट झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते.

ख) विंडोज ११चे बरेच लॅपटॉप डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. या कुलपाचं नाव बिटलॉकर. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि काम होईपर्यंत बिटलॉकर स्थगित ठेवा. ही पायरी गाळणाऱ्याला निळ्या पडद्यासमोर बसून की आठवावी लागते.

ग) अडीच इंची एसएसडी यूएसबी-सॅटा केबलने जोडा (एम.२च्या पट्टीला ही केबल चालत नाही, तिच्या प्रकाराचं यूएसबी एन्क्लोजर लागतं) आणि कंपनीच्या क्लोनिंग प्रोग्रामने किंवा क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने क्लोन करा. क्लोनझिलाला नवी डिस्क मापाने निदान जुनीएवढी लागते. जुनी डिस्क मोठी असेल तर त्यातला वापरलेला डेटा एसएसडीत मावायला हवा, आणि क्लोनिंगचा प्रोग्राम पार्टिशन लहान करणारा हवा.

घ) शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे लॅपटॉप खरोखर बंद होतो. चार्जर काढा, खालचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि प्रत्येक स्क्रू ज्या कोपऱ्यातून निघाला त्याच जागी चिकटपट्टीने चिकटवत जा. स्क्रू एकाच लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळलात तर तो वरच्या पट्टीला टोचतो आणि कीबोर्डच्या बाजूला फुगवटा येतो.

च) एम.२ची पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांत, दात पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा. मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू लावण्याआधी सोडली की पट्टी स्प्रिंगसारखी वर उचलली गेली पाहिजे. उचलली नाही तर ती नीट बसलेली नाही.

छ) पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. दोन्हींवर एकच ओळख असते आणि विंडोज गोंधळतं. सगळं सुरळीत चाललं तरी जुनी डिस्क पंधरा दिवस तशीच ठेवा, मग फॉरमॅट करा.

डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) टाकून दोन्ही डिस्क ठेवता येतात. कॅडी ९.५ की १२.७ मिलिमीटरची, हे ड्राइव्ह काढून पट्टीने मोजा. एसएसडी मुख्य जागी आणि हार्ड डिस्क कॅडीत, उलट नको. काही लॅपटॉपांत डीव्हीडीचं पोर्ट मंद असतं.

क्लोन न करता विंडोज नव्याने टाकताय आणि यादीत एसएसडी दिसतच नाही? ११व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत बायोसमधली व्हीएमडी ही सोय चालू असल्यामुळे असं होतं. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन तिथेच लोड करा. एसएसडी परत करायला धावू नका.

९. जपून ठेवायचा डेटा

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. लॅपटॉपात एक, पोर्टेबल हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी पंचवटीत राहत असाल तर नाशिकरोडच्या मावशीकडे. क्लाउड चालेल, पण गणित करून. एक टीबी चढवायला १० मेगाबिट अपलोडवर नऊ दिवस आणि ५० मेगाबिटवर ४४ तास लागतात, तेही अखंड. गूगलचे मोफत १५ जीबी कागदपत्रांना पुरतात, व्हिडिओंना नाही.

कांदा चाळीत भरला म्हणून काम संपत नाही, मधूनमधून सडका निवडून काढावा लागतो. बॅकअपचंही तसंच. दर सहा महिन्यांनी डिस्क जोडा, पाच-दहा फाइली खरोखर उघडून बघा आणि सी५चा आकडा वाढलाय का पाहा. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

डीव्हीडी आता विसरा. ४.७ जीबीत काय मावणार आणि वाचायला ड्राइव्ह कुठे शोधणार?

१०. बिघडली तर

हार्ड डिस्कमधून टिक-टिक-टिक असा ठरावीक आवाज येत असेल तर त्याच क्षणी वीज काढा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं म्हणजे बिघडलेलं हेड चकतीवर घासणं. फ्रिजमध्ये ठेवायचा जुना उपाय करू नका, आत बाष्प धरतं. झाकण तर उघडूच नका. पोर्टेबल डिस्कची नुसती पिन तुटली असेल तर "आतली डिस्क काढून सॅटाला जोडतो" म्हणणाऱ्याला आधी आत सॅटा आहे का ते बघायला सांगा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच डाकलेलं असतं.

चुकून डिलीट झालेलं हार्ड डिस्कवरून बऱ्याचदा परत मिळतं, अट एकच: त्यानंतर तिच्यावर काही लिहू नका. एसएसडीत ट्रिम नावाची सोय खोडलेली जागा लगेच साफ करायला सांगते, त्यामुळे तिथे आशा कमी.

वॉरंटीत दिलेली डिस्क परत येत नाही. तिच्या बदल्यात दुसरी येते आणि जुनीतला डेटा जुनीबरोबरच जातो. म्हणून आधी रिकव्हरीवाल्याकडे जायचं की सर्व्हिस सेंटरला, हे डिस्क हातात असतानाच ठरवा. डिस्क अजून चालत असेल तर देण्यापूर्वी पुसा: हार्ड डिस्कला पूर्ण फॉरमॅट, क्विक नव्हे, आणि एसएसडीला कंपनीच्या प्रोग्राममधलं सिक्युअर इरेज.